आईच्या फुफ्फुसाचं पाणी आणि माझी सही

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची तासगाव तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. आई ६१ वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. विडी-सिगरेट सोडाच, तिने कधी मिश्रीसुद्धा लावली नाही. ईजीएफआर नावाच्या जनुकातल्या बदलाचा रिपोर्ट आला, त्यावर चालणारी जेफिटिनिबची गोळी सुरू झाली आणि १४ महिने चांगले गेले. दिवाळीनंतर परत दम लागायला लागला. मिरजेला नेलं, तर फुफ्फुसाभोवती पाणी झालेलं. पाणी काढताना एक डॉक्टर मॅडम म्हणाल्या, थोडं संशोधनाला देता का, यातून सेल लाईन, म्हणजे बाटलीत वाढत राहणाऱ्या पेशी, करायचा प्रयत्न करू. रक्ताचीही एक नळी घेतली. मी सही केली. आईला ‘तपासणीला दिलंय’ एवढंच सांगितलं. तेव्हापासून झोप नाही. आईचं काहीतरी मी परस्पर देऊन टाकलं का? ते बाटलीत जिवंत राहणार म्हणजे नक्की काय राहणार? आणि पाणी घेतलं, तर रक्त कशाला?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : झोप ज्याने उडवली तेच आधी घेते. बाटलीत आई राहणार नाही. राहिलाच तर तिचा आजार राहील, आणि तोही बहुतेक वेळा राहत नाही.

सांगलीला परत येण्याआधी मी २६ वर्षं टिश्यू कल्चरच्या, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायच्या, खोलीत काढली. असं पाणी पुष्कळदा हाताळलंय. कधी पेजेसारखं गढूळ, कधी रक्ताळलेलं. गोठू नये म्हणून त्यात हेपारिन घालतात. सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरगर फिरवलं की तळाशी थोडासा गाळ बसतो. त्यात रक्तपेशी असतात, फुफ्फुसाच्या आवरणाच्या पेशी असतात आणि त्यांच्यातच कॅन्सरच्या पेशींचे बारीक पुंजके. हा गाळ चपट्या प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये, आरपीएमआय-१६४० नावाच्या द्रवात ठेवायचा. बहुधा त्यात १० टक्के सीरम, म्हणजे रक्तातला पेशी काढलेला द्रव, घालतात, वासराच्या गर्भाचं. इन्क्युबेटर ३७ अंशांवर, आत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. द्रवाचा रंग कोकम सरबतासारखा. पेशी वाढायला लागल्या की तो पिवळा पडत जातो. सकाळी दार उघडल्यावर एखादा फ्लास्क पिवळसर पण स्वच्छ दिसला, की मी आधी खुर्ची ओढून सूक्ष्मदर्शकाशी बसायची, चहा मग. पिवळा आणि गढूळ दिसला, तर जंतू शिरले. दोन महिन्यांची मेहनत थेट ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेने जंतू मारायच्या भांड्यात.

जंतूंपेक्षाही जास्त त्रास फायब्रोब्लास्ट देतात. या शरीरातल्या साध्या जोडपेशी, लांबट आणि टोकदार. बागेत हराळी पसरावी तशा सगळा तळ व्यापतात. कॅन्सरच्या पेशी फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना चिकटून, बेटं करून वाढतात. पेशी तळापासून सोडवणारं ट्रिप्सिन थोडा वेळच ठेवलं, तर जोडपेशी आधी सुटतात. त्या ओतून टाकायच्या आणि बेटं मागे ठेवायची. हेच पुनःपुन्हा, खुरपणीसारखं. पाण्यात या जोडपेशी गाठीच्या तुकड्यापेक्षा कमी असतात, शिवाय त्यासाठी वेगळं ऑपरेशन लागत नाही, म्हणून त्या मॅडमनी पाणी मागितलं असणार. साध्या पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिकनी १९६१ मध्ये दाखवलं. कॅन्सरच्या काही पेशी थांबत नाहीत. महिनोन्‌महिने एका फ्लास्कमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेऊनही त्या वाढत राहिल्या, गोठवून परत जाग्या झाल्या, की मग तिला लाईन म्हणायचं. तोवर ते नुसतं कल्चर.

आता हे पाणी आत्ताच का हवं होतं, ते सांगते. गोळी चालेनाशी झाल्यावर आलेलं पाणी आहे ते. कॅन्सरने गोळीला चकवा कसा दिला, हे त्या पेशींत लिहिलेलं असतं. एचवन-नाईन-सेव्हन-फाइव्ह, म्हणजे एच१९७५ नावाची एक लाईन आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत एका बाईच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरपासून वाढवलेली. त्या बाईंनीही कधी सिगरेट ओढली नव्हती. त्यांच्या पेशींत ईजीएफआरचा एक बदल गोळीला दाद देणारा आणि टी७९०एम नावाचा दुसरा, गोळीला न जुमानणारा. जेफिटिनिब तेव्हा बाजारात यायचंच होतं. ईजीएफआरच्या या बदलांचा शोधसुद्धा २००४ चा. पुढे टी७९०एमवर चालणारं ओसिमर्टिनिब आलं, तेव्हा माणसांना देण्याआधी ते ज्या पेशींवर तपासलं, त्यांत याच बाईंच्या पेशी होत्या. आईच्या पाण्यात टी७९०एम निघाला, तर तुमचे डॉक्टर बहुधा ओसिमर्टिनिबचं नाव काढतील. सेल लाईन आणि ही तपासणी मात्र वेगळ्या. लाईनला महिने लागतात, तिची वाट पाहत आईचे उपचार थांबवायचे नाहीत. तपासणीचा रिपोर्ट मागून घ्या, पाठपुरावा करा. आईला या लाईनचा फायदा होण्याची आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. झाला तर तो नंतरच्या कुणाला तरी होईल.

रक्ताचं म्हणाल तर ती नळी घेतली हे पाहून मला त्या मॅडमबद्दल भरवसा वाटला. आम्ही एकदा एका फुफ्फुसाच्या नमुन्यावर सव्वा वर्ष घालवलं. पेशी इतक्या झपाट्याने वाढत होत्या की आम्ही खूश. शेवटी डीएनएची ओळख, जिला एसटीआर म्हणतात, ती करून घेतली, तर त्या फुफ्फुसाच्या नव्हत्याच. हेला नावाच्या दुसऱ्याच लाईनच्या होत्या. त्याच कॅबिनेटमध्ये, म्हणजे जंतू शिरू नयेत म्हणून ज्यात काम करतो त्या कपाटात, आमच्यापैकीच कुणीतरी हेलावर काम केलं होतं, एखादा थेंब इकडचा तिकडे गेला असणार. ज्या आजोबांनी नमुना दिला होता, ते तोवर गेले होते. परत मागायलाही कुणी नव्हतं. त्या दिवसाची सल अजून आहे. रुग्णाचं रक्त जपून ठेवलेलं असलं, तर लाईन त्याच माणसाची आहे हे ताडून पाहता येतं.

हेला म्हणजे हेन्रिएटा लॅक्स. १९५१ मध्ये बाल्टिमोरला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या. त्यांच्या गाठीच्या पेशी जगभर पोचल्या, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांना कळायला वीसेक वर्षं गेली. तुमच्या पत्रातली खरी बोच मला इथेच दिसते. तुम्ही दिलंत यात काही वावगं नाही. पण आई शुद्धीवर आहे, बोलते-चालते आहे, तर विचारायचं तिला होतं. सही तिची, नसेल येत तर अंगठा तिचा, साक्षीदारासमोर. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात : माहिती समजेल अशा भाषेत द्यायची, आणि दिलेली संमती नंतर मागे घेता येते. मॅडमना फोन करा. आईच्या हातात मराठी फॉर्म द्या. नमुना कुठे राहणार, नाव काढून नंबर घालणार का, दुसऱ्या संस्थेला देणार का, हे तिच्यासमोर विचारा. ती नको म्हणाली, तर नको. त्याने तिच्या उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये.

आणि तिला कसं सांगायचं याची धास्ती घेऊ नका. तिचं आयुष्य बागेत गेलंय. तास-ए-गणेश ही थॉम्पसन द्राक्षामधूनच निवडलेली जात. ज्या वेलावरून पहिली काडी घेतली, तो वेल आता कुठे आहे? पण काडीवरून काडी गेली, डॉगरिजच्या खुंटावर कलमं भरली गेली आणि तुमच्या चार एकरांत उभी राहिली. तिला म्हणा, तुझ्या आजाराची एक काडी घेतलीय, लागेल का माहीत नाही, लागली तर तिच्यावर औषधं मारून बघतील. कलमं भरताना किती फुटतात आणि किती वाळून जातात, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मग ती काय म्हणते ते ऐका, आणि जमलं तर मलाही कळवा.