कुत्रा चावलेला पेशंट आला की...

डॉक्टर, कोकणात पहिलंच पोस्टिंग म्हणताय, तर असे पेशंट रोज येणार. जेटीवर मासळीचा लिलाव, तिथे कुत्री आलीच. घाबरू नका.

रेबीज टाळायचा तर आधी जखम धुवा: साबण, वाहतं पाणी, पूर्ण 15 मिनिटं, घड्याळ लावून. कुणी हळद-चुना लेपून आला तर धुवून काढा, पण ओरडू नका. पुढच्या वेळी तो यायचाच नाही.

रक्त आलंय आणि आधी रेबीजची लस झालेली नाही? मग लसीबरोबर मोनोक्लोनल प्रतिपिंडंही हवीत, म्हणजे रेबीजच्या विषाणूला अडवणारी, प्रयोगशाळेत बनवलेली प्रथिनं. लसीमुळे शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दहा दिवस जातात, तोवरचा बंदोबस्त ह्यांचा. म्हणून ती जखमेत आणि जखमेभोवतीच भरायची. दंडात टोचून मोकळं होणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. बोटाच्या टोकाला जागा कमी. मावेल तेवढंच, सावकाश.

दुसरी चूक डोसाची. ह्या प्रतिपिंडांचे दोन ब्रँड: रॅबिशिल्ड वजनाच्या किलोला 3.33 युनिट, ट्विनरॅब 40. एकाचा हिशेब दुसऱ्याला लावू नका. पोराचं वजन काट्यावर करा, आईच्या अंदाजावर नको.

साठा संपला असेल तरी लस थांबवायची नाही. पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत प्रतिपिंडं देता येतात, नंतर नाही.

एपिटोप (विषाणूवर प्रतिपिंड चिकटतं ती जागा), कॉकटेल (दोन प्रतिपिंडांचं मिश्रण) वगैरे सावकाश वाचाल. लस-प्रतिपिंडं ठेवायच्या फ्रीजचं तापमान मात्र आजच बघा. पावसाळ्यात इथे लाइट कधी जाईल, नेम नाही.