बँक निफ्टी फ्युचर आधी हलतो आणि निफ्टी मागून येतो, हे खरं आहे का? त्यावर इंट्राडे करता येईल का?

नाही. निदान क्लासमध्ये शिकवतात त्या अर्थाने तरी नाही. (निफ्टी म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, बँक निफ्टी म्हणजे बँकांच्या शेअरांचा; फ्युचर म्हणजे त्यांच्यावरचा पुढच्या तारखेचा सौदा; इंट्राडे म्हणजे त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणं.)

आमच्या घरात हा विषय चघळून चघळून चोथा झालाय. माझा मेहुणा एका ट्रेडिंग क्लासला जाऊन आला, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद: "दाजी, बँक निफ्टी म्हणजे इंजिन, निफ्टी म्हणजे डबा. इंजिन हललं की डब्यात बसायचं." मी त्याच्या कितीतरी आधीपासून बाजारात आहे, पण सरांचं ते ब्रह्मवाक्य आणि दाजी काय, घरचाच माणूस.

एकदा तो लॅपटॉप घेऊन पुरावा दाखवायलाच आला. दोन्ही फ्युचरना अलर्ट लावलेले. आणि खरोखर, बँक निफ्टीचा अलर्ट आधी वाजायचा, निफ्टीचा जरा वेळाने. बायको, सासूबाई, सगळ्या त्याच्या बाजूने. मी एवढंच विचारलं, अलर्ट किती पॉइंटला लावलायस? म्हणाला, "दोन्हीला पन्नास." निफ्टी तेव्हा २५,००० च्या आसपास होता, बँक निफ्टी ५५,००० च्या. म्हणजे निफ्टी ०.२ टक्के हलल्याशिवाय घंटा नाही आणि बँक निफ्टीला ०.०९ टक्के पुरे. मग आधी कोण वाजणार? दोन्ही अलर्ट टक्क्यांत लावायला लावले. त्यानंतर कधी हा आधी, कधी तो, बहुतेकदा दोन्ही एकाच दमात. "आज मार्केट साइडवेज आहे" (म्हणजे धड वरही नाही, खालीही नाही) म्हणत साहेबांनी लॅपटॉप मिटला.

नंतर मी एक मिनिटाच्या कँडल (दर मिनिटाच्या भावांची नोंद) एक्सेलमध्ये घेतल्या, दोघांचे टक्क्यांतले बदल शेजारी मांडले आणि एक रकाना एक ओळ खाली सरकवून पाहिला. त्याच मिनिटाचं को-रिलेशन (दोघं किती बरोबरीने हलतात ते) घट्ट. एक मिनिट सरकवलं की जवळपास काहीच उरत नाही. तुम्हीही करून बघा, क्लासच्या फीपेक्षा स्वस्त पडेल.

कारण सरळ आहे. एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक दोन्हीकडे आहेत. निफ्टीतही या दोघींचंच वजन पाचव्या हिश्शाच्या आसपास. एचडीएफसी बँक पडली की दोन्ही त्याच क्षणी पडतात, मागून यायला कोणी शिल्लकच नसतं. बारीकशी फट राहिलीच तर को-लोकेशनमध्ये (एक्स्चेंजच्या सर्व्हरशेजारीच) बसलेली मशीन ती तुमच्या मोबाइलवर भाव दिसायच्या आत बुजवतात.

मेहुण्याचा पुढचा मुद्दा: "सर म्हणाले, यावर रिसर्च आहे." आहे ना! स्टोल आणि व्हॅली यांनी १९९० मध्ये अमेरिकेतल्या बाजाराबद्दल दाखवलं होतं की निर्देशांकाचं फ्युचर शेअरांच्या सरासरी पाचेक मिनिटं पुढे असतं. पण ते फ्युचर आणि कॅश (म्हणजे प्रत्यक्ष शेअर) यांच्यातलं, तेही त्या काळातलं. दोन फ्युचरना ते चिकटवणं म्हणजे शुद्ध बनवाबनवी.

आता, पुढे-मागे कधीच होत नाही असंही नाही. ज्याची बातमी तो आधी हलतो. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण दहा वाजता आलं की बँक निफ्टी उसळणारच. टीसीएस किंवा इन्फोसिसच्या निकालाशी त्याला देणंघेणं नाही, तिथे निफ्टी पुढे. आणि सकाळी सव्वानऊच्या आत गिफ्ट निफ्टी (गिफ्ट सिटीत चालणारं निफ्टीचं फ्युचर, जुलै २०२३ पर्यंतचा सिंगापूरचा एसजीएक्स निफ्टी) पुढे असतो, कारण एनएसई तेव्हा उघडलेलीच नसते.

खरा धोका वेगळाच आहे. बँक निफ्टी वर गेला आणि निफ्टी हललाच नाही, तर बहुतेक वेळा रिलायन्स किंवा आयटी त्याला खाली ओढत असतात. मेहुणा याला "डबा यायचाय अजून" म्हणतो आणि निफ्टी घेऊन बसतो. डबा येत नाही, स्टॉपलॉस (ठरवलेल्या तोट्यावर सौदा बंद) येतो. तरी त्याच्याकडे नफ्याचे स्क्रीनशॉट असतात. मी म्हणतो, स्क्रीनशॉट नको, महिन्याच्या सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरकडून येणारा सौद्यांचा हिशोब) दाखव, ब्रोकरेज आणि एसटीटी (सौद्यावरचा कर) वजा करून. त्या अजून आलेल्या नाहीत. तुम्हालाही कोणी हे शिकवत असेल तर आधी तेच मागा.

हे सगळं साध्या दिवसांपुरतं. बँक निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी (ऑप्शनचे सौदे दर आठवड्याला संपण्याचा दिवस) नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली, निफ्टीची चालू आहे. त्या एक्स्पायरीच्या दिवशी ऑप्शनवाल्यांच्या हेजिंगने (जोखीम झाकायला केलेल्या सौद्यांनी) निफ्टी स्वतःच्याच तालावर नाचू शकतो, तेव्हा वरचा हिशोब लावू नका. शिवाय माझा डेटा मिनिटांचा आहे. सेकंदाच्या आतलं युद्ध मला दिसत नाही, आणि मेहुण्याला तर नाहीच नाही.