आई फ्लूची लस घ्यायला तयारच नाही

मे संपत आला की माझ्याकडे हा प्रश्न यायला लागतो आणि शब्दही जवळपास तेच असतात. "मॅडम, आईला डायबेटिस आहे, दमा आहे, डॉक्टर दरवर्षी सांगतात फ्लूचं इंजेक्शन घ्या, पण ती ऐकतच नाही." कधी आईच्या जागी सासरे असतात, कधी नवरा. पुण्यात हा विषय जरा हळवाच आहे, 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू इथेच झाला, शाळा बंद झाल्या, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना पावसाळ्याच्या तोंडावर घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी वाटणारच.

म्हणून एक अनुभव लिहितेय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि समुपदेशनाच्या सात-आठ सेशन्समधलं मोजकंच सांगतेय.

मुलगी चाळिशीची, बँकेत नोकरी, झोप उडालेली. आईची कारणं तिने धडाधड सांगितली. शेजारच्या बाईंना लस घेतल्यावर ताप आला, कोविडचे तीन डोस झाले आता अजून किती टोचून घेऊ, दरवर्षी काय हे, आणि पैसे पण जातात. या सगळ्याला उत्तरं आहेत. इंजेक्शनमधला व्हायरस मेलेला असतो, त्याने फ्लू होऊच शकत नाही, दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते. फ्लूचा व्हायरस रूप बदलत राहतो म्हणून लसीत काय घालायचं ते डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा ठरवते, आणि म्हणून ती दरवर्षी. अंगात संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, आणि साधी सर्दी करणारे व्हायरस वेगळेच, त्यामुळे "घेतली तरी सर्दी झालीच" हे खरंच असतं. ते पूर्ण कवच नाही हेही मी लपवत नाही, लस नीट जुळली त्या वर्षी आजाराचा धोका साधारण 40 ते 60 टक्के कमी होतो.

पण हे सगळं मुलीने आईला आधीच सांगितलं होतं, प्रिंटआउट सुद्धा काढून दिले होते. आणि इतक्या वर्षांत मी एक गोष्ट नक्की शिकलेय, एका कारणाला उत्तर दिलं की माणूस लगेच दुसरं काढत असेल तर खरं कारण त्यातलं कुठलंच नसतं.

मी म्हटलं, एकदा आईंना घेऊन ये. काकू आल्या, मुलीला झोप लागत नाही म्हणून आल्या, लसीसाठी नाही हे आधीच सांगून. दुसऱ्या भेटीत मुलीला बाहेर बसवलं आणि विचारलं, घरात याआधी कुणी ही लस घेतली होती का?

बराच वेळ त्या पर्सची चेन उघडत-मिटत बसल्या. मग म्हणाल्या, "ह्यांनी घेतली होती. सहाव्या दिवशी अटॅक आला."

तीन वर्षं झाली होती. काकांची ॲंजिओप्लास्टी आधीच झालेली. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की लसीचा संबंध नाही. मी पण तेच पुन्हा सांगणार होते, शब्द अगदी ओठांवर आले होते, पण थांबले. त्याऐवजी विचारलं, "काकू, त्या आठवड्यात काका तुमच्या हातून अजून काय काय घेत होते?"

"सगळंच. चहा, गोळ्या, जेवण."

"मग चहाबद्दल असं का नाही वाटत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चहा मी रोज देत होते हो. लस मी भांडून दिली होती. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत ते."

आणि मग त्या रडल्या, तीन वर्षांत पहिल्यांदा कुणासमोर.

त्या क्षणी मला जे दिसलं त्याचं समाधान आजही आहे. काकूंना इंजेक्शनची भीती नव्हतीच. त्यांच्या मनात लस म्हणजे ते भांडण होतं. आणि गेली दोन वर्षं मुलगी नेमकं तेच भांडण आईशी करत होती, त्याच स्वयंपाकघरात, जवळपास त्याच शब्दांत. ती जितका जोर लावायची तितकी आई मागे सरकायची.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली, आपले हट्टी विचार आपल्याला जास्त त्रास देतात असं ती मानते, त्यामुळे माझा कान वाक्यातल्या "च" कडे असतो. काकूंचा "च" होता, मीच आग्रह केला म्हणूनच झालं. त्यावर आम्ही चार भेटी काम केलं. आग्रह केला होता हे खरं, तो काळजीपोटी होता हेही खरं, आणि त्यानेच अटॅक आला हा मात्र त्यांनी स्वतःला सुनावलेला निकाल. मुलीचा "च" वेगळा, आईने घेतलीच पाहिजे. तिला म्हटलं, घेतली तर बरं होईल असं म्हणून बघ, आणि महिनाभर हा विषय काढू नकोस. तिला ते फार जड गेलं, पण तिने पाळलं.

तुमच्या घरी असंच चालू असेल तर माहितीचा मारा आधी थांबवा. "का नाही घेत?" असं विचारलंत की समोरचा वकिलासारखी कारणं काढत बसतो, त्यापेक्षा "लस म्हटलं की काय आठवतं?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. कुणाला सुईने चक्कर येते आणि ते सांगायची लाज वाटते, कुणाला आपल्यावर खर्च नको असतो, कुणाला आपण म्हातारे झालो हे मान्य करायचं नसतं. आधी कधी लसीची जोरात ॲलर्जी आली असेल तर ते खरं वैद्यकीय कारण आहे, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि सगळं ऐकून घेतल्यावरही नाही म्हणाले तर तो त्यांचा अधिकार आहे, आपण स्वतः लस घ्यायची आणि खोकला असताना त्यांच्याजवळ मास्क लावायचा, एवढं आपल्या हातात उरतंच.

जूनमध्ये काकू आपणहून त्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि काकांबद्दल तोंडावर विचारलं. डॉक्टरांनी वेळ काढून समजावलं, कॅनडातल्या 2018 च्या अभ्यासाबद्दल सांगितलं, की फ्लू झाल्याचं कळल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका सहापट दिसला होता, म्हणून तर हृदयाच्या पेशंटला लस घ्या म्हणतात. काकूंनी त्या दिवशी घेतली नाही. पुढच्या गुरुवारी एकट्या रिक्षाने जाऊन आल्या, आणि मुलीला कळलं ते संध्याकाळी, दंडावर धरायला गार फडकं मागितलं तेव्हा.