न्यायाचा दिवस : मनात की मनाबाहेर?

प्रश्न : बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातील न्यायाच्या वेळी उघडलेली पुस्तके, अग्नीचे सरोवर, मत्तयाच्या शुभवर्तमानातील मेंढरे आणि शेरडे यांची विभागणी, या साऱ्यांकडे मनाच्या अवस्थांची प्रतीके म्हणून पाहता येईल का? की ही अवघड उताऱ्यांमधून काढलेली आधुनिक पळवाट आहे?

उत्तर : या वाचनाला आधुनिक म्हणता येणार नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातील पन्नासाव्या अध्यायाच्या आधारे असे मांडले होते की पाप्याला जाळणारा अग्नी दुसऱ्या कोणी आधीच पेटवून ठेवलेला नसतो. तो ज्याचा त्यानेच पेटवलेला असतो आणि त्याची पापे हेच त्या अग्नीचे सरपण असते. केलेल्या कृत्यांचा सगळा इतिहास मनापुढे उभा राहतो आणि सदसद्विवेकबुद्धी स्वतःलाच टोचू लागते, असे त्याचे विवेचन आहे. नंतरचा ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन त्याच्याइतका प्रतीकवादी नव्हता. नरकाग्नी खराच आहे, असे तो आग्रहाने सांगे. तरीही ‘परमेश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात त्याने मोठा व्यवहारी प्रश्न विचारला : ज्यात प्रत्येकाचे सारे आयुष्य लिहिले आहे असे पुस्तक खरोखरच असेल, तर ते केवढे असेल आणि वाचून कधी संपेल? म्हणून ज्या दैवी सामर्थ्याने प्रत्येकाला आपली कृत्ये क्षणात आठवतील, त्यालाच येथे पुस्तक म्हटले आहे, असा अर्थ त्याने लावला.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात तर असा अर्थ लावण्याचीही गरज पडत नाही. प्रकाश आला असता माणसांनी अंधाराची आवड धरली, हाच निवाडा, असे तेथे स्पष्टच म्हटले आहे.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मात्र हे वाचन अडखळते. मेंढरे आणि शेरडे म्हणजे एकाच मनातील दोन प्रवृत्ती, असे म्हणणे आकर्षक आहे आणि आत्मपरीक्षणासाठी उपयोगीही आहे. परंतु त्या उताऱ्यात न्याय करणारा राजा मेंढरांसारख्यांना उजवीकडे आणि शेरडांसारख्यांना डावीकडे ठेवतो, आणि ‘मी भुकेला होतो’ असे तो म्हणतो तेव्हा दोघेही त्याला एकच प्रश्न विचारतात, ‘आम्ही तुला भुकेला कधी पाहिले?’ एकांना आपण केलेले चांगले ठाऊक नाही, दुसऱ्यांना आपण काय टाळले ते ठाऊक नाही. निवाडा केवळ अंतर्मनाचा असता, तर हे आश्चर्य दोन्ही बाजूंना का वाटावे? येथे मनाची साक्ष अपुरी पडली आहे आणि निर्णय भुकेल्याला अन्न मिळाले की नाही, परक्याला आसरा मिळाला की नाही, यावर झाला आहे. बायबलमधील आमोस या संदेष्ट्याचेही तसेच आहे. पायताणाच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांवर तो कोसळतो, तेव्हा विकला गेलेला माणूस हा कोणाच्या मनातील भाव नसतो.

माझ्या मते अग्नी, पुस्तके, प्रकाश आणि अंधार यांचा आंतरिक अर्थ निःशंकपणे घ्यावा. पण ज्या उताऱ्यात अन्याय सोसणारा माणूस उभा आहे, तेथे तो अर्थ पुरेसा मानू नये. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वधलेल्यांचे आत्मे न्यायाची वाट पाहत वेदीखालून विचारतात, ‘हे स्वामी, कोठवर?’ मारणाऱ्याच्या मनाला कधीतरी आग लागेल, एवढ्याने त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.