‘तात्पुरती’ हा शब्द आधी मागे घ्या

प्रश्न: नगरपरिषद हद्दीत आमचे स्वतःचे बैठे घर आहे. गेल्या उन्हाळ्यात मागच्या अंगणात 12 बाय 10 फुटांची पत्र्याची शेड उभी केली. जीआय पाइपचे खांब, वर प्रोफाइल पत्रा, सगळे नट-बोल्टचे काम. परवानगी लागत नाही, असे शेडवाल्याने सांगितले होते. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून नगरपरिषदेची कलम 53 ची नोटीस आली. मुदत 30 दिवसांची आहे. ‘शेड तात्पुरती आहे, कधीही उचलता येते’ असे उत्तर मी नवव्या दिवशी दिले. त्यावर काहीच कळवलेले नाही. नोटीस मिळून आज 18 दिवस झाले. कोर्टातून स्थगिती घ्यावी का?

उत्तर: कोर्टाचा विचार आज बाजूला ठेवा. तुमच्या हातात 12 दिवस आहेत. तेवढ्यात शेड कायम ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज नगरपरिषदेत दाखल होऊन त्यावर आवक क्रमांक पडला पाहिजे. तुमच्यासारखी पत्रे नेहमी येतात आणि बहुतेकांनी हेच केलेले असते: नोटिशीला उत्तर दिले, साहेबांना भेटले, नगरसेवकाला सांगितले आणि मुदत घालवली. अर्ज मात्र कुणीच केलेला नसतो.

तुमची नोटीस महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खालची आहे. त्यातल्या कलम 53 चे पोटकलम (3) वाचा. नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत कलम 44 प्रमाणे अर्ज करून बांधकाम कायम ठेवण्याची परवानगी मागता येते, आणि त्या अर्जाचा अंतिम निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीमुळे बांधकामाला बाधा येत नाही. म्हणजे जी स्थगिती तुम्ही कोर्टात मागायला निघाला आहात, ती कायद्यानेच देऊ केली आहे. अट एकच, ‘मुदतीच्या आत’. मुदत टळली की हे संरक्षण संपते. मग नगरपरिषद शेड पाडून खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करू शकते आणि खटलाही भरू शकते. त्या खटल्यात दोष सिद्ध झाल्यास किमान 1 महिना ते 3 वर्षे कैदेची तरतूद आहे. पत्र्याच्या शेडसाठी कोणी तुरुंगात जाईल असे मला वाटत नाही, पण फौजदारी खटल्याच्या तारखा स्वतःच पुरेशी शिक्षा असतात.

आता तुमच्या उत्तराकडे वळतो. ते कोणाला न दाखवता द्यायला नको होते. तात्पुरते म्हटले की सुटका होते, ही समजूत नेमकी उलटी आहे. याच कायद्यात कलम 55 आहे, ते खास तात्पुरत्या स्वरूपाच्या अनधिकृत विकासासाठी. त्याखाली लेखी आदेश मिळाल्यापासून 15 दिवसांत बांधकाम काढावे लागते. न काढल्यास जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांच्यामार्फत ते थेट हटवता येते. कलम 53 मध्ये कायम ठेवण्यासाठी अर्जाची सोय आहे, तशी कलम 55 मध्ये नाही. शिवाय बांधकाम तात्पुरते आहे की नाही, यावर नगरपरिषदेचाच निर्णय अंतिम असतो. तुम्ही तो प्रश्न स्वतःच्या सहीने सोडवून दिलात. नगरपरिषदेने अजून कलम 55 चा आदेश काढलेला नाही, ही तुमच्या हातातली जमेची बाजू.

म्हणून अर्जासोबतच्या पत्रात स्पष्ट लिहा: आधीच्या उत्तरातला ‘तात्पुरती’ हा शब्द फक्त नट-बोल्टच्या जोडणीपुरता वापरला होता, शेड कायम ठेवण्यासाठी कलम 53(3) व 44 खाली अर्ज करत आहे, आणि तो शब्द मागे घेत आहे. आधीचे पत्र दिलेच नाही असे भासवू नका, त्याची प्रत फाइलला लागलेली असते. आणखी एक. तपासणीच्या दिवशी पत्रे उतरवून नंतर पुन्हा चढवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. कलम 55 खाली काढलेले बांधकाम पुन्हा उभे राहिले, तर ते नव्या आदेशाशिवाय हटवता येते.

‘पाया नाही, म्हणजे बांधकाम नाही’ हा शेडवाल्यांचा लाडका मुद्दा. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीची व्याख्या कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही साहित्याने उभारलेली रचना अशी आहे. माणूस राहो वा न राहो, फरक पडत नाही. सूट आहे ती समारंभासाठी परवानगीने उभारलेल्या तंबू-शामियान्यांना. घरपट्टीत शेडची नोंद झाली किंवा तिला वीज जोडली, म्हणून ती अधिकृत होत नाही.

अर्जाची तयारी अशी. परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंता आजच गाठा. तुम्ही घरी बनवलेला नकाशा चालणार नाही. लागतील ती कागदपत्रे: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, घराचा मूळ मंजूर नकाशा आणि शेडचा प्लॅन, सेक्शन व मोजमापे. शेडपासून हद्दीपर्यंतचे अंतर खांबापासून नव्हे, पत्र्याच्या बाहेर आलेल्या टोकापासून दाखवा. इथे फूटभर लपवले की जागेवरच्या मोजणीत सापडते आणि पूर्ण अर्जावरचा विश्वास जातो. नोटिशीचे पाकीट फेकले असेल तर शोधा. मुदत नोटिशीवरच्या तारखेपासून नाही, ती तुम्हाला मिळाल्यापासून मोजायची असते आणि पोस्टाचा शिक्का हाच त्याचा पुरावा. अर्ज ऑनलाइन भरला असेल तरी नोटिशीच्या क्रमांकाचा उल्लेख असलेली एक छापील प्रत आवक विभागात द्या आणि पोच घ्या. तिसाव्या दिवशी सर्व्हर बंद होता, ही तक्रार ऐकायला कोणी बसलेले नसते. तेव्हा दहा दिवसांत उरका.

अर्ज मंजूर होईलच, असे मी म्हणत नाही. मागच्या बाजूला किती अंतर सोडायला हवे, मंजूर चटईक्षेत्रापैकी किती शिल्लक आहे, समोरचा रस्ता किती रुंद आहे, यावर ते ठरेल आणि तुमच्या पत्रात यातले काहीच नाही. मात्र नाकारण्याची दोन कारणे आधीच काढून टाकता येतात. शेडचा एखादा खांब किंवा ब्रॅकेट कंपाउंड भिंतीवर टेकवला असेल तर सोडवून घ्या. पत्र्याचा उतार शेजाऱ्याच्या बाजूला असेल तर फिरवा, पन्हाळ लावा आणि पाणी आपल्याच आवारात उतरवा. तक्रारीचे मूळ बहुतेक इथेच असते. अंतर अगदीच कमी पडत असेल तर शेड सरकवून किंवा छोटी करून तोच सुधारित नकाशा अर्जाला जोडा. नट-बोल्टच्या जोडणीचा खरा उपयोग इथे आहे. शेजाऱ्याकडून ‘हरकत नाही’ लिहून घेण्यात मात्र वेळ घालवू नका. त्यांनी तक्रार मागे घेतली तरी नोटीस संपत नाही आणि मोकळे अंतर माफ करण्याचा त्यांना अधिकारही नाही.

अर्ज केल्यावर 60 दिवस उत्तर आले नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते, हे खरे आहे, पण बांधकाम नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. नियमात न बसणारी शेड 60 दिवसांच्या शांततेने अधिकृत होत नाही. अर्ज फेटाळला तर कलम 47 खाली 40 दिवसांत अपील आहे. पण तेवढे थांबू नका. अर्ज निकाली निघाल्यावर नोटिशीतली तेवढीच मुदत पुन्हा सुरू होते, तुमच्या बाबतीत 30 दिवस. त्याच मुदतीत अपील करा आणि त्यात स्थगिती मागा. प्रशमन शुल्क, म्हणजे अनधिकृत बांधकाम नियमित करून घेण्याची रक्कम, भरून मोकळे होण्याची कलम 52-अ ची योजना 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या बांधकामांसाठी होती. तुमची शेड त्यात येत नाही.

कोर्टाबद्दल एवढेच सांगतो. कलम 149 प्रमाणे अशा नोटिशीला दाव्यात आव्हान देता येत नाही. अधिकारच नसलेल्याने नोटीस काढली किंवा प्रक्रियाच पाळली नाही, अशा प्रकरणांत न्यायालये लक्ष घालतात, पण तुमच्या पत्रातून तसे दिसत नाही. एकतर्फी मनाई मिळाली तरी ती तारखांवर वर्षानुवर्षे लोंबकळते. एक दिवस ती उठते तेव्हा तुमची मुदत कधीच संपलेली असते आणि अर्जाचा रस्ता बंद झालेला असतो. मनाई मिळाली म्हणून निर्धास्त राहिलेली कुटुंबे मग पाडकामाच्या दिवशी धावाधाव करतात. हे थांबवता येण्यासारखे असते, म्हणूनच मी इतक्या कडक शब्दांत लिहितो आहे.

ज्यांच्या हातात 24 तासांची नोटीस पडली आहे, त्यांच्यासाठी: सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी पाडकामाबाबत देशभरासाठी निर्देश दिले आहेत. रजिस्टर्ड पोस्टाने आणि बांधकामावर चिकटवून किमान 15 दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसह आदेश आणि आदेशानंतर आणखी 15 दिवस. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी किंवा जलाशयावरच्या बांधकामांना हे संरक्षण नाही. याचा हवाला देऊन लगेच लेखी हरकत घ्या आणि सोबत कायम ठेवण्याचा अर्जही द्या. महापालिका हद्दीत नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 260 ची असू शकते, मुंबईत मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या 351 किंवा 354-अ ची. तिथे मार्ग वेगळा आहे, तेव्हा नोटिशीच्या माथ्यावरचे कलम वाचल्याशिवाय कोणाचे उत्तर उतरवून काढू नका.

आणि ज्यांची शेड अजून कोटेशनवरच आहे, त्यांनी आधी घराचा मंजूर नकाशा काढून मागचे अंतर मोजावे, अभियंत्याकडून लेखी मत घ्यावे आणि शेडवाल्याच्या कोटेशनवर एक ओळ लिहून घ्यावी: उभारणी व उरलेली रक्कम परवानगी मिळाल्यानंतर, परवानगी नाकारल्यास आगाऊ रक्कम परत. ‘परवानगी लागत नाही’ असे तोंडी सांगणारा या ओळीवर सही करायला तयार नसेल, तर त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.