रॅप आणि गाणं खरंच एकजीव झालेला अल्बम कोणता, आणि तो कसा तयार झाला?

माझ्यासाठी एकच: 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल', ऑगस्ट 1998.

'फ्युजीज' या हिप-हॉप ग्रुपमधून बाहेर पडून अमेरिकन रॅपर-गायिका लॉरिन स्वतःचं लिहायला बसली. रेकॉर्डिंग न्यूयॉर्कमध्ये झालं, आणि जमैकात किंग्स्टनच्या टफ गाँगमध्ये, म्हणजे बॉब मार्लीच्या स्टुडिओत. रेगे, म्हणजे मार्लीचं ते जमैकन संगीत, या अल्बमच्या अंगातच भिनलंय, ते उगाच चव म्हणून टाकलेलं नाही.

यातलं 'डू वॉप' हे गाणं कान देऊन ऐका. जुन्या धाटणीचे कोरस, ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ठसका, त्यावर सडेतोड रॅप, आणि लगेच तीच बाई सुरात गायला लागते. एरवी कडवी रॅपरची आणि ध्रुवपद पाहुण्या गायिकेचं, अशी वाटणी असायची. इथे दोन्ही एकाच गळ्यातून येतं, म्हणून सांधा कुठे दिसतच नाही. पहिल्या मुलासाठीच्या 'टू झायन'मध्ये कार्लोस सँटानाची गिटार आहे, तीही चुकवू नका.

1999 मध्ये पाच ग्रॅमी मिळाले. त्यात 'अल्बम ऑफ द इयर'ही होता, हिप-हॉपला पहिल्यांदाच. मात्र सोबतच्या काही संगीतकारांनी श्रेयासाठी दावा ठोकला आणि 2001 मध्ये तडजोड झाली. एवढ्या मोठ्या कामात कुणी काय केलं हे आधीच कागदावर यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.