अन्ननलिकेची शस्त्रक्रिया : आधीचा महिना आणि नंतरचे जेवण

प्रश्न : माझ्या वडिलांना अन्ननलिकेचा कर्करोग असून महिन्याभराने शस्त्रक्रिया ठरली आहे. ते विडी ओढतात, शिवाय वजनही घटले आहे. तोपर्यंत आम्ही काय करावे?

उत्तर : विडी आजच बंद करावी. या शस्त्रक्रियेत अन्ननलिकेचा रोगट भाग काढतात, त्याजागी बहुधा जठराची नळी करून ती छातीत वर आणून उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात आणि त्यानंतर फुप्फुसांच्या संसर्गाचा धोका मोठा असतो. म्हणून रोज चालणे आणि स्पायरोमीटरवर (श्वासाच्या व्यायामाचे हातात धरायचे छोटे उपकरण) दीर्घ श्वासाचा सराव आतापासूनच सुरू करावा. अशक्त माणसाने पडून राहावे, हा नातेवाइकांचा आग्रह प्रेमळ असला तरी घातक आहे. घास अडकत असेल तर दूध, दाट वरण, मऊ उकडलेले अंडे असे पदार्थ मिक्सरमधून काढून द्यावेत. तेही उतरत नसेल तर नळीवाटे आहार देण्याविषयी शल्यचिकित्सकांना विचारावे.

घरी आल्यावर दिवसातून 6 ते 8 वेळा थोडे थोडे खावे, जेवल्यावर दोन तास आडवे होऊ नये आणि पलंगाची उशाकडची बाजू उंच ठेवावी, कारण जठराच्या तोंडाची झडप राहिलेली नसल्याने अन्न व पित्त सहज वर येते. काही आठवड्यांनी घास पुन्हा अडकू लागल्यास घाबरू नये, पण डॉक्टरांना दाखवायला थांबूही नये. जोडाची जागा आकसली असेल तर ती दुर्बिणीद्वारे रुंद करता येते.